अडीच लाख पळालेली इनोव्हा की दीड लाख पळालेली डिझेल डिझायर?

जुनी डिझेल गाडी घ्यायची ठरली की फिरून फिरून याच दोघी समोर येतात: २०१२-१३ची अडीच लिटरची इनोव्हा आणि २०१४-१५ची डिझायर. इनोव्हाचा आकडा ऐकूनच घरचे नको म्हणतात. मी मात्र आधी तीच बघायला जाईन.

इनोव्हाचं इंजिन २४९४ सीसीचं, ताकद १०२ पीएस (अश्वशक्तीच म्हणा); म्हणजे लिटरमागे जेमतेम ४१. डिझायरमधलं फियाटचं मल्टिजेट इंजिन १२४८ सीसीतून ७५ पीएस काढतं, लिटरमागे ६०. म्हणजे इनोव्हाच्या इंजिनावर ताण कमी. शिवाय इनोव्हात ऑइल डिझायरच्या दुप्पट बसतं, त्यामुळे एखादी सर्व्हिस लांबली तरी ती सोसते. डिझायरला तेवढी सवलत नाही. तिची टायमिंग चेन, म्हणजे व्हॉल्व्हची उघडझाप पिस्टनशी जुळवून ठेवणारी साखळी, ठरावीक किलोमीटरला बदलायची नसते, पण वेळेवर ऑइल बदललं नाही तर ती सैल पडते. सकाळी थंड इंजिन चालू केल्यावर पुढून खडखड आली की मेकॅनिकला न विचारताही समजून जावं.

इनोव्हाची मेख वेगळी. तिला चेन नाही, त्याच कामाचा टायमिंग बेल्ट आहे. चालत्या गाडीत तो तुटला तर पिस्टन व्हॉल्व्हवर आदळतात आणि इंजिनच्या हेडचं, म्हणजे वरच्या भागाचं, काम निघतं. अडीच लाखांपर्यंत तो एकदा तरी बदललेला असायलाच हवा. बिल दाखवा म्हणावं. नसेल तर नव्या बेल्टचे पैसे भावातून कापून घ्यावेत.

आता किलोमीटरचं. पुणे-कोल्हापूर हायवेवर पळालेले दोन लाख आणि ठाण्यातल्या सिग्नलला घासलेले ऐंशी हजार यांत मी पहिले पत्करीन. शाळा-भाजी-ऑफिस अशा तुकड्यांत चालणाऱ्या गाडीचं ऑइल नीट तापतच नाही, काजळी साचते आणि क्लच झिजतो तो वेगळाच. मीटर मागे फिरवणारेही कमी नाहीत, म्हणून कंपनीच्या सर्व्हिस सेंटरमध्ये गाडीची हिस्ट्री काढावी. ब्रेक पेडलचं रबर गुळगुळीत आणि मीटर म्हणतंय साठ हजार? नमस्कार करून निघावं. इनोव्हा टुरिस्ट परमिटवरून खासगी केलेली आहे का, हेही बघावं. तशी असली म्हणून वाईटच नसते, पण भाव मात्र खासगी गाडीचा देऊ नये.

दोन्ही गाड्यांना एक चाचणी सारखीच. इंजिन गरम झालं की ते चालू ठेवून ऑइलचं झाकण उघडायचं. किंचित वाफ चालते. आगगाडीसारखा भकभक धूर येत असेल तर पिस्टनच्या रिंगा गेल्यात. रेस दिल्यावर सायलेन्सरमधून निळा धूर आला तर इंजिन किंवा टर्बो ऑइल खातोय.

खर्चात डिझायर सरळ जिंकते. इनोव्हा शहरात दहा-अकराचं अ‍ॅव्हरेज देते, डिझायर अठराच्या खाली सहसा येत नाही. टायर, सस्पेन्शन, इंजेक्टर, सगळंच इनोव्हाचं महाग. घरात चौघंच असतील आणि महिन्याला हजारेक किलोमीटर होत असेल, तर बिलं असलेली डिझायर घ्या. सातजण गावी जात असतील तर इनोव्हा. आणि रोजचं जाणं-येणं सात-आठ किलोमीटरचं असेल तर दोन्ही सोडा, पेट्रोल बघा.

आरसीवरची तारीखही वाचा. २०१२च्या इनोव्हाची पंधरा वर्षं २०२७ मध्ये भरतात. महाराष्ट्रात पुढे पाच वर्षांसाठी पुनर्नोंदणी होते, पण आरटीओची तपासणी आणि पर्यावरण कर तुमच्या माथी येतो. सौदा करताना तोही धरा.