प्राइम९५ : खानापुरातल्या जुन्या संगणकावर मूळ संख्यांचा शोध

मी खानापूर तालुक्यातील एका मराठी शाळेत गणित शिकवतो आणि एप्रिलपासून घरच्या जुन्या संगणकावर ‘प्राइम९५’ हा मोफत प्रोग्राम चालवत आहे. जॉर्ज वोल्टमन यांनी १९९६ मध्ये सुरू केलेल्या ‘गिम्प्स’ या उपक्रमाचा तो भाग असून, २ चा एखादा घात वजा १ अशा रूपाच्या, म्हणजेच मर्सेन, मूळ संख्या शोधण्यासाठी जगभरचे लोक त्यात आपल्या संगणकाचा रिकामा वेळ देतात. याच उपक्रमात ल्यूक ड्युरांट यांना ऑक्टोबर २०२४ मध्ये २ चा १३६२७९८४१ वा घात वजा १ ही मूळ संख्या सापडली. तिच्यात ४,१०,२४,३२० अंक आहेत.

एवढी संख्या मूळ आहे की नाही, हे भागाकार करत बसून ठरणे शक्य नाही. मात्र जिच्यावर अखेरचा निर्वाळा मिळतो ती लुकास-लेहमर कसोटी दहावीच्या फळ्यावर मावते. २ चा ७ वा घात वजा १ म्हणजे १२७. सुरुवात ४ ने करायची, दर वेळी वर्ग करून त्यातून २ वजा करायचे आणि १२७ ने भागून उरलेली बाकी पुढे न्यायची : ४, १४, ६७, ४२, १११, ०. घातांकापेक्षा दोनने कमी, म्हणजे पाच पायऱ्यांनी शून्य आले, की संख्या मूळ. शेवटच्या पायरीवर १२३१९ ला १२७ ने ९७ वेळा नेमका भाग जातो, हे मागच्या बाकावरच्या मुलीने माझ्या आधी सांगितले. घातांक मूळ असणे आवश्यक आहे, पण पुरेसे नाही. ११ घेतल्यास २०४७ येतात आणि ते २३ गुणिले ८९ आहेत. हे दोन्ही विभाजक २२ च्या, म्हणजे घातांकाच्या दुपटीच्या, पटीपेक्षा एकने जास्त आहेत, आणि याच नियमाच्या आधारे पुष्कळ संख्या मोठ्या कसोटीआधीच चाळून टाकता येतात.

आमच्याकडे पावसाळ्यात दिवसातून तीन-चार वेळा करंट जातो. तरीही माझे काम एकदाही पहिल्यापासून करावे लागले नाही, कारण प्रोग्राम मधली बाकी ठरावीक वेळाने डिस्कवर जपून ठेवतो आणि तिथूनच पुढे चालू लागतो. गणनेत चूक झाल्यास ती पकडणारी रॉबर्ट गेर्बिझ यांची तपासणीही त्यात आहे. माझा सर्वाधिक विश्वास या काटेकोरपणावर बसला.

उणिवा दोन जाणवल्या. सर्व सूचना इंग्रजीत असल्यामुळे आमच्या मुलांना प्रत्येक शब्द समजावून द्यावा लागतो. आणि प्रोसेसर इतका तापतो की मे महिन्यात मी तो फक्त रात्री चालवला. लॅपटॉपवर हा प्रोग्राम सतत चालवू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. चांगला पंखा असलेला डेस्कटॉप आणि धीर असेल, तर जरूर घ्यावा. माझ्या वाट्याच्या पहिल्या चारही संख्या संयुक्त ठरल्या. पाचवी सध्या ६४ टक्क्यांवर आहे.