भाकरीआधी तेल मोजा: स्वयंपाकघरातला ५ किलोचा डिजिटल काटा

वजन कमी करायचं म्हटलं की आपल्याकडे पहिली कुऱ्हाड भाकरीवर पडते. हा छोटा काटा ओट्यावर आला की हिशेब वेगळाच निघतो. ज्वारीचं ८० ग्रॅम पीठ म्हणजे एक मध्यम भाकरी, साधारण २७० कॅलरी. शेंगदाण्याच्या चटणीवर कच्च्या तेलाची सढळ धार सोडली की १५ ग्रॅम सहज जातं. ते झालं १३५, म्हणजे अर्धी भाकरी, आणि पोट मात्र तेवढंच रिकामं.

तेलासाठी काटा उलटा वापरायचा. तेलाची किटली त्यावर ठेवून ‘टेअर’ दाबा, शून्य दिसलं की उचला, कढईत तेल ओता, किटली परत ठेवा. उणे २२ आलं तर फोडणीत २२ ग्रॅम गेलं. मध्ये रेंगाळू नका. दोन-तीन मिनिटांत काटा आपोआप बंद होतो आणि शून्य विसरतो. वाटी ठेवून थेंब थेंब तेल सोडलं तर स्वस्त काटे ती सावकाश वाढ धरतच नाहीत.

बाकी जिन्नस कच्चे असतानाच मोजा. भात तांदळाच्या अडीच-तीनपट भरतो, वरणात तर बहुतेक पाणीच. चौघांसाठी १२० ग्रॅम तूरडाळ लावली, तर वरण पातळ असो की घट्ट, एकाच्या वाट्याला ३० ग्रॅम डाळ येते. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २००० कॅलरींच्या ताटात दिवसाला २५० ग्रॅम धान्य आणि ८५ ग्रॅम डाळी-कडधान्यं आहेत. म्हणजे तीन भाकरी बसतात, पण मग सकाळचा मुरमुऱ्यांचा सुशीला आणि रात्रीचा भात त्यातूनच वजा करावा लागतो. डाळ मात्र दोन्ही वेळा वरण खाऊनही कमीच पडते. तिथे हात आखडू नका.

खोड एक आहे: परात ठेवली की आकडा तिच्याखाली झाकला जातो. पीठ आधी पातेलीत मोजून मग परातीत घ्यावं. गरम कुकर थेट ठेवू नये, नळाखाली तर काटा कधीच धुऊ नये. ओल्या फडक्याने पुसला की पुरे. आकडा नाचायला लागला तर आधी चारही पाय टेकलेत का ते पाहा, मग सेल बदला. मिठाची न फोडलेली १ किलोची पुडी १००० च्या थोडी वर दाखवायला हवी. २०-३० ग्रॅमची तफावत असेल तर काटा परत करा.

हुरड्याला किंवा पंगतीत काटा नेता येत नाही. म्हणून पहिल्या पंधरवड्यातच घरची वाटी, पळी आणि स्वतःची मूठ मोजून कपाटाच्या दाराआत लिहून ठेवा. दाण्यांची मूठ साधारण ३० ग्रॅम, १७० कॅलरी.

घेताना सपाट माथ्याचाच घ्या. वाटी जोडलेल्या काट्यावर किटली नीट बसत नाही.