ऑफिसच्या डेस्कटॉपवर उबुंटू २४.०४: काही महिने वापरल्यावर

विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. सहाव्या-सातव्या जनरेशनचे आय-३, आय-५ डेस्कटॉप विंडोज ११ च्या यादीत बसत नाहीत, पण मशीन धडधाकट आहेत. अशा ठिकाणी उबुंटू २४.०४ एलटीएसचा (लिनक्सवर आधारलेली ऑपरेटिंग सिस्टिम; एलटीएस म्हणजे लांब मुदतीच्या सपोर्टची आवृत्ती) विचार सगळेच करतात. ८ जीबी रॅम आणि एसएसडी असेल तर रोजच्या कामात वेगाची तक्रार येत नाही. जुन्या हार्ड डिस्कवर मात्र घालूच नका. आधी एसएसडी, मग उबुंटू.

सिक्युरिटी अपडेट पाच वर्षं, म्हणजे २०२९ पर्यंत मिळतात. यातली मेख अशी की ही हमी 'मेन' भांडारातल्या, म्हणजे उबुंटूची कंपनी स्वतः सांभाळते त्या पॅकेजेसची (प्रोग्रामच्या संचांची). व्हीएलसीसारखी 'युनिव्हर्स'मधली पॅकेजेस उबुंटू प्रो या वर्गणीच्या सेवेशिवाय कम्युनिटीच्या भरवशावर असतात. प्रो घरगुती आणि छोट्या धंद्याच्या वापराला पाच मशीनपर्यंत फुकट आहे, त्यापुढे ऑफिसला पैसे पडतात. तेव्हा 'सगळं फुकट' असं वरच्या साहेबांना सांगून बसू नका.

डोमेनला (ऑफिसच्या लॉगिनची मध्यवर्ती यंत्रणा, म्हणजे विंडोजची ॲक्टिव्ह डिरेक्टरी) जोडणं हे सगळ्यात सोपं. रिअल्मडी, एडीसीएलआय आणि एसएसएसडी ही पॅकेजेस टाकायची, 'रिअल्म जॉइन' कमांड चालवायची, आणि पॅमच्या (लॉगिन तपासणारी यंत्रणा) सेटिंगमध्ये पहिल्या लॉगिनला होम डिरेक्टरी (युजरचा स्वतःचा फोल्डर) तयार करण्याचा पर्याय चालू करायचा. हा शेवटचा पर्याय राहिला तर पासवर्ड बरोबर असूनही युजर लॉगिन स्क्रीनवर परत फेकला जातो आणि सगळे पासवर्डलाच दोष देत बसतात. दुसरी कटकट घड्याळाची. डोमेनचं लॉगिन तपासणाऱ्या कर्बेरॉसला मशीन आणि सर्व्हरच्या घड्याळांत पाच मिनिटांपेक्षा जास्त फरक चालत नाही. जुन्या मदरबोर्डचा, घड्याळ चालू ठेवणारा सीएमओएस सेल उतरलेला असतो, फायरवॉलने बाहेरचा टाइम सर्व्हर अडवलेला असतो, आणि मशीन सकाळी भलत्याच तारखेला उठतं. टाइमसिंकला (घड्याळ जुळवणारी सेवा) डोमेन कंट्रोलरचाच, म्हणजे डोमेन चालवणाऱ्या सर्व्हरचाच पत्ता द्या, प्रश्न मिटतो. आणि होम डिरेक्टरी 'होम'च्या खाली थेट ठेवा. मध्ये डोमेनच्या नावाचा फोल्डर घातलात तर स्नॅपची (उबुंटूची बंदिस्त ॲप्स बसवण्याची पद्धत) ॲप्स उघडत नाहीत. मग स्नॅप चालवणाऱ्या स्नॅपडीच्या 'होमडर्स' सेटिंगमध्ये तो फोल्डर वेगळा नोंदवावा लागतो.

खरी डोकेदुखी याच्या पुढची आहे. या सिस्टिमवर अपडेट एका वाटेने येत नाहीत. एपीटीचं (भांडारातून पॅकेजेस आणणारी यंत्रणा) वेळापत्रक वेगळं, स्नॅपचं वेगळं, कर्नलचं (सिस्टिमचा गाभा) वेगळं आणि फर्मवेअरचं (हार्डवेअरच्या आतलं सॉफ्टवेअर) वेगळं. विंडोजच्या जगातून आलेला ॲडमिन एकच वाट बांधतो आणि उरलेल्या तीन मोकाट सोडतो. महिना-दोन महिन्यांनी येणारे बहुतेक फोन त्या तिघांचे असतात.

स्नॅप दिवसातून चार वेळा अपडेट बघतं. फायरफॉक्स उघडा असेल तर 'इतक्या दिवसांत ॲप बंद करा' अशी सूचना येते आणि लोक घाबरून हेल्पडेस्कला फोन करतात. रिफ्रेश टायमर, म्हणजे स्नॅपच्या अपडेटची वेळ, ठरवून द्या, पण रात्रीची वेळ देऊ नका. ऑफिसची मशीन तेव्हा बंद असतात. दुपारची जेवणाची सुट्टी बरी पडते.

कर्नलचं प्रकरण जास्त महागात जातं. डेस्कटॉपच्या आयएसओतून (इन्स्टॉलची फाइल) इन्स्टॉल केलं की एचडब्ल्यूई कर्नलची, म्हणजे नव्या हार्डवेअरसाठी वरचेवर बदलणाऱ्या कर्नलची रांग मिळते. म्हणजे ६.८ वर सुरू झालेलं मशीन २४.०४.२ च्या सुमारास ६.११ वर आणि २४.०४.३ च्या सुमारास ६.१४ वर जातं. ज्या यूएसबी वाय-फाय डोंगलचा ड्रायव्हर बाहेरून आणून डीकेएमएसने (प्रत्येक नव्या कर्नलसाठी ड्रायव्हर पुन्हा बिल्ड करणारी सोय) बसवलाय, तो नव्या कर्नलवर बिल्ड होत नाही आणि मशीन नेटवर्कवरून गायब. जुन्या हार्डवेअरला एचडब्ल्यूईचं पॅकेज काढून साधं 'लिनक्स-जेनेरिक' टाका, मशीन ६.८ वरच राहतं आणि त्याचे सिक्युरिटी अपडेट येत राहतात. शिवाय सिक्युअर बूट (बूटला फक्त सही असलेलं सॉफ्टवेअर चालू देणारी सोय) चालू असताना डीकेएमएसचा ड्रायव्हर दुरून टाकू नका. पुढच्या बूटला निळ्या पडद्यावर चावी नोंदवायला समोर माणूस लागतो.

फर्मवेअरची वाट सगळ्यात शेवटी लक्षात येते. डिस्क लक्सने (लिनक्सची डिस्क एन्क्रिप्शनची पद्धत) एन्क्रिप्ट केली की रोज बूटला पासफ्रेझ (लांब पासवर्ड) टाकावी लागते, म्हणून डिस्क आपोआप उघडणाऱ्या क्लेव्हिसने ती टीपीएमच्या (मशीनमधली सुरक्षा चिप) पीसीआर ७ ला, म्हणजे सिक्युअर बूटच्या स्थितीच्या नोंदीला बांधतात. पुढे फर्मवेअर अपडेट करणारं एफडब्ल्यूअपडी सिक्युअर बूटची डीबीएक्स यादी (बंदी घातलेल्या बूट फाइलींची) अपडेट करतं, पीसीआर ७ मधली नोंद बदलते, आणि मशीन पुन्हा पासफ्रेझ मागायला लागतं. डिस्क बिघडलेली नसते. पासफ्रेझ टाकून क्लेव्हिस परत बांधलं की झालं. त्यातून जुन्या डेस्कटॉपवर टीपीएम १.२ असला तर क्लेव्हिसला तो चालतच नाही. एकाच जागी बसणाऱ्या मशीनना क्लेव्हिसला नेटवर्कवरून चावी मिळवून देणारा टँग सर्व्हर चांगला: ऑफिसच्या नेटवर्कवर असेल तरच डिस्क उघडते, चोरून नेली तर नाही. क्लेव्हिसचं इनिटरॅमएफएसचं (बूटच्या सुरुवातीला चालणारा भाग) पॅकेज वेगळं टाकावं लागतं, तेवढं विसरू नका.

या चारही वाटांची सेटिंग अँसिबलमध्ये (अनेक मशीनची सेटिंग एकसारखी लावणारं टूल) लिहून गिटवर (फाइलींच्या आवृत्त्या सांभाळणारी जागा) ठेवली आणि प्रत्येक मशीनने अँसिबल-पुलने स्वतः ओढून घेतली तर निभतं. सर्व्हरवरून ढकलण्याची पद्धत लॅपटॉपला लागू पडत नाही, ते कायम कुठेतरी बाहेर असतात. वॉलपेपर, स्क्रीन लॉक वगैरे डीकॉन्फने (डेस्कटॉपच्या सेटिंगची नोंदवही) लॉक होतं. फाइल बदलल्यावर 'डीकॉन्फ अपडेट' चालवलं नाही तर काहीच बदलत नाही. ॲक्टिव्ह डिरेक्टरीच्या ग्रुप पॉलिसीतूनच (सगळ्या मशीनना एका जागेवरून नियम लावण्याची सोय) हे करायचं असेल तर उबुंटूचं एडीसिस आहे, पण डीकॉन्फच्या पलीकडचं बरंचसं प्रोच्या पैशात जातं.

डिजिटल सहीचा यूएसबी टोकन ज्यांना लागतो त्यांच्यासाठी स्नॅपचा फायरफॉक्स कामाचा नाही. तो बंदिस्त असतो, टोकनच्या ड्रायव्हरची फाइल त्याला दिसत नाही. मोझिलाचं स्वतःचं एपीटी भांडार जोडून तिथला डेब (एपीटीचं पॅकेज) घ्या, आणि त्या भांडाराला पिन प्रायॉरिटी (कुठलं भांडार आधी धरायचं तो आकडा) १००० द्या. पिन नसेल तर उबुंटूचं नावापुरतं असलेलं फायरफॉक्स पॅकेज पुढच्या अपडेटला स्नॅप परत आणून बसवतं. हे भांडार आपोआप अपडेट करणाऱ्या अनअटेंडेड-अपग्रेड्सच्या परवानगीच्या यादीतही घाला, नाहीतर ब्राउझर गुपचूप जुना होत राहतो. पोर्टलगणिक सहीचा प्रोग्राम वेगळा असतो, त्यामुळे लिनक्सची फाइल मिळते का हे आधी बघून मगच मशीन बदला.

अकाउंट्सच्या टेबलाला हात लावू नये असं स्पष्ट मत झालंय. टॅली विंडोजवरच चालते, जीएसटीचं ऑफलाइन टूल विंडोज आणि एक्सेल मागतं, आणि एक्सेलच्या पॉवर क्वेरीवर (बाहेरून डेटा ओढण्याची सोय) उभ्या असलेल्या शीट लिबरऑफिसमध्ये नुसते आकडे होऊन बसतात. तिथे विंडोजच ठेवा, किंवा रेमिना या रिमोट डेस्कटॉपच्या प्रोग्राममधून विंडोज सर्व्हरवर बसवा.

मराठीचं टायपिंग ठीक आहे. इनस्क्रिप्ट आहेच, आयबस या टायपिंगच्या यंत्रणेच्या एम१७एन पॅकेजमध्ये गमभनही मिळतं. अडतं ते फॉन्टपाशी. मंगल किंवा निर्मलामध्ये केलेलं पत्र उघडलं की तो फॉन्ट मशीनवर नसतो, दुसरा बसतो, ओळी सरकतात आणि सहीची जागा दुसऱ्या पानावर जाते. लिबरऑफिसच्या फॉन्ट बदलाच्या तक्त्यात एकदाच नोटो सॅन्स देवनागरी नेमून द्या आणि बाहेर जाणारं सगळं पीडीएफ करा. आणखी एक: कॉम्प्लेक्स लिपीची भाषा हिंदी राहिली तर ल आणि श हिंदी वळणाचे उमटतात. मराठी निवडली की नोटो मराठी वळण देतो. जुन्या श्रीलिपीतल्या फाइली युनिकोडमध्ये बदलून घेतल्याशिवाय कुठल्याच युनिकोड फॉन्टने वाचता येत नाहीत, तो खर्च वेगळा धरा.

प्रिंटर नेटवर्कवरचा आणि आयपीपी एव्हरीव्हेअर किंवा एअरप्रिंट (ड्रायव्हरशिवाय छापण्याच्या पद्धती) बोलणारा असेल तर ड्रायव्हरच लागत नाही. फक्त विंडोज ड्रायव्हरवर जगणारे जुने यूएसबी लेझर एखाद्या उरलेल्या विंडोज मशीनला लावून शेअर करा, त्यांच्या नादी लागू नका. नेटवर्कवरचे प्रिंटर आपोआप शोधणारं कप्स-ब्राउझ्ड बंदच ठेवा. सप्टेंबर २०२४ मध्ये त्यातली गंभीर त्रुटी बाहेर आली होती, आणि प्रिंटर अँसिबलने बसवत असाल तर त्याची गरजही नाही.

दुरून मदत करायची तर वेलँड (पडद्यावर खिडक्या दाखवणारी नवी यंत्रणा) आडवं येतं: बाहेरच्या रिमोट टूलना लॉगिन स्क्रीन दिसत नाही. जीडीएमच्या (लॉगिन स्क्रीन दाखवणारा प्रोग्राम) फाइलमध्ये वेलँड बंद करून एक्स-ऑर्ग या जुन्या यंत्रणेवर जाता येतं. नोम ४६ मध्ये, म्हणजे उबुंटू २४.०४ च्या डेस्कटॉपमध्ये, आरडीपीने (विंडोजची रिमोट डेस्कटॉपची पद्धत) थेट लॉगिनची सोय आली आहे, पण ती नवं सेशन उघडते. युजरच्या समोर अडकलेली खिडकी त्यात दिसत नाही. ती बघायची असेल तर त्याच्या लॉगिनमध्ये डेस्कटॉप शेअरिंग आधीपासून चालू करून ठेवावं लागतं.