कच्च्या खिम्याची पाकिटं: तीन महिन्यांचे पैसे आगाऊ भरण्याआधी

कुत्र्यांसाठी कच्चा, गोठवलेला खिमा घरपोच देणाऱ्या एका विक्रेत्याने पुणे आणि पिंपरी-चिंचवडमधल्या बऱ्याच घरांकडून तीन-तीन महिन्यांचे पैसे आगाऊ घेतले, काही आठवडे माल दिला आणि मग फोन उचलणं बंद केलं. पैसे बुडाले ते बुडालेच, पण त्याहून वाईट म्हणजे त्या पाकिटांतलं खाऊन कुत्री आजारी पडली. लोकांच्या फ्रीजरमध्ये उरलेली पाकिटं गोळा करून, वितळवून, धुऊन आणि वजन करून पाहिल्यावर जे हाती लागलं ते इथे मांडतो आहोत. विक्रेत्याचं नाव लिहीत नाही, कारण प्रकरण ग्राहक आयोगाकडे जायचं आहे. शिवाय हीच युक्ती वापरणारे इतरही आहेत आणि त्यांची भाषासुद्धा जवळजवळ तीच असते.

आम्ही स्वतः कच्चा आहार देणारे आहोत. तो नीट दिला तर कुत्र्याला मानवतो, पण नीट म्हणजे प्रमाणात. आणि मांस एकदा यंत्रातून काढून खिमा झालं की प्रमाण डोळ्यांना दिसत नाही. सगळी लबाडी या एका गोष्टीवर चालते.

पाकिटावर मोठ्या अक्षरांत ८०:१०:१० लिहिलेलं असतं. याचा अर्थ ८० टक्के मांस, १० टक्के खाता येण्याजोगं हाड आणि १० टक्के अवयव, त्यातही निम्मी कलेजी आणि निम्मे गुर्दे, तिल्ली यांसारखे स्राव करणारे अवयव. प्रौढ कुत्र्याला रोज त्याच्या वजनाच्या २ ते ३ टक्के एवढं लागतं. २० किलोच्या कुत्र्याला ४०० ते ६०० ग्रॅम. म्हणजे एक किलो खिमा प्रामाणिकपणे करायचा तर ८०० ग्रॅम बोनलेस, १०० ग्रॅम हाड, ५० ग्रॅम कलेजी आणि ५० ग्रॅम गुर्दे किंवा तिल्ली लागते. आता तुमच्या नेहमीच्या चिकनवाल्याकडे बोनलेसचा भाव विचारा आणि त्याला ०.८ ने गुणा. दळणं, गोठवणं, पाकीट आणि घरपोच पोचवणं हे सगळं धरूनही पाकिटाचा भाव त्या आकड्याच्या खाली असेल, तर त्यात बोनलेस नाही. घाऊक भाव थोडा कमी पडतो हे मान्य, पण एवढा नाही.

मग त्यात असतं काय? कोंबडीचं छातीचं आणि तंगडीचं मांस हॉटेलांना गेल्यावर जो सांगाडा उरतो तो: पाठ, मान, कधीकधी पंजे. हा माल अतिशय स्वस्त मिळतो. कोंबडीच्या मानेत साधारण ३६ टक्के हाड असतं, पाठीत ४४ च्या आसपास, पंजात ६० च्या आसपास. अर्धं बोनलेस आणि अर्धी पाठ-मान घातली तरी खिम्यातलं हाड २० टक्क्यांवर जातं, म्हणजे लिहिल्याच्या दुप्पट. नुसता सांगाडाच दळला तर चौपट.

याची पहिली खूण शी. योग्य प्रमाणाच्या आहारावर शी घट्ट, लहान आणि तपकिरी असते. हाड जास्त झालं की ती पांढुरकी, खडूसारखी होते, सुकली की बोटाने चुरता येते आणि कुत्रं बसून कुंथत राहतं. एखाद दिवस असं झालं तर काळजी नको, पण रोज व्हायला लागलं तर आतड्यात हाडांचा भुगा घट्ट बसू शकतो आणि प्रकरण एनिमापर्यंत किंवा शस्त्रक्रियेपर्यंत जातं. पिल्लांच्या बाबतीत धोका निराळा आणि जास्त गंभीर आहे. साधारण सहा महिन्यांपर्यंतच्या पिल्लाला जादा कॅल्शियम शोषून घेणं थांबवता येत नाही. जेवढं पोटात जाईल त्यातलं बरंच अंगात जातं. लॅब्रेडॉर, जर्मन शेफर्ड, रॉटवायलर, ग्रेट डेन यांसारख्या मोठ्या जातींच्या पिल्लांची हाडं आणि सांधे त्यामुळे वाकडे वाढतात, आणि ते नंतर सुधारत नाहीत. ‘पपी स्पेशल’ म्हणून विकलेल्या पाकिटात सांगाडा असेल तर होणारं नुकसान आयुष्यभराचं.

हाडाचं प्रमाण घरी अंदाजता येतं. फ्रीजमध्ये वितळवलेल्या खिम्यातला बरोबर १०० ग्रॅम घ्या. मोठ्या पातेल्यात दीड-दोन लिटर गार पाण्यात हाताने मोकळा करा, मिनिटभर थांबा आणि वरचं गढूळ पाणी, मांसाचे तंतू, चरबी हळूच ओतून द्या. हाडाचे कण जड असल्याने तळाशी बसतात. पाणी बऱ्यापैकी स्वच्छ होईपर्यंत हे करत राहा. तळाचे कण बोटांनी चाचपून मांस वेगळं करा, कापडावर टिपून वजन करा. हाडातला मगज आणि कूर्चा वाहून जात असल्यामुळे खरं प्रमाण यापेक्षा थोडं जास्तच असतं. तळाशी १०-१२ ग्रॅम निघाले तर ठीक. २५-३० ग्रॅम निघाले तर तुम्ही सांगाड्याचे पैसे भरता आहात. याच वेळी कणांचा आकारही बघा. टोकदार, सेंटिमीटरभर लांब चिरफळ्या निघत असतील तर यंत्राची जाळी मोठी आहे किंवा खिमा एकदाच काढलेला आहे. हातमोजे घाला, आणि भांडं, ओटा, हात साबणाने धुवा. कच्च्या कोंबडीत साल्मोनेला आणि कॅम्पायलोबॅक्टर असणं अगदी नेहमीचं आहे.

प्रयोगशाळेचा अहवाल दाखवणारे विक्रेते कॅल्शियम-फॉस्फरसचं गुणोत्तर पुढे करतात: ‘बघा, २:१ च्या आत आहे.’ यावर भुलू नका. हाडाचं स्वतःचं गुणोत्तरच साधारण २:१ असतं, त्यामुळे कितीही हाड घातलं तरी आकडा त्याच्या फारसा पुढे जातच नाही. विचारायचं ते कोरड्या वजनात कॅल्शियम किती टक्के. पशुखाद्याचे निकष ठरवणाऱ्या अमेरिकेतल्या आफ्को या संस्थेच्या निकषांत प्रौढ कुत्र्यासाठी वरची मर्यादा २.५ टक्के आहे, आणि मोठ्या जातीच्या पिल्लांसाठी १.८. ‘आफ्को अप्रूव्हड’ असं पाकिटावर छापलेलं असेल तर तेवढ्यावरच विक्रेता खोटारडा ठरतो, कारण आफ्को कुठल्याही खाद्याला मान्यता देत नाही, फक्त निकष ठरवते.

अवयवांच्या १० टक्क्यांतही हातचलाखी चालते. पोटा, दिल, फोपसं हे सगळं ‘ऑर्गन मीट’ म्हणून मोजलं जातं. कच्च्या आहाराच्या हिशोबात हे मांसात धरतात, कारण कलेजीतलं अ जीवनसत्त्व किंवा तांबं त्यांच्यात त्या प्रमाणात नसतं. कलेजी कोणाची हेही विचारा. कोंबडीच्या कलेजीत तांबं फार थोडं, बकऱ्याच्या आणि म्हशीच्या कलेजीत त्याच्या कितीतरी पट. शिवाय हे गुणोत्तर अगदी तंतोतंत पाळलं तरी निव्वळ कोंबडीच्या खिम्यात मँगनीज, जस्त, आयोडीन, ई आणि ड जीवनसत्त्व आणि ओमेगा-३ कमी पडतात. त्यासाठी तारली-बांगडा, शिंपले, अंडी किंवा पूरक औषधं द्यावीच लागतात. तेव्हा ‘यात सगळं आहे, वर काहीच घालू नका’ हे वाक्य ऐकलं की तिथूनच मागे फिरा.

मोठ्या प्राण्यांच्या नरड्याचा भाग दळून घालणं हा आणखी एक प्रकार. नरड्याला थायरॉइड ग्रंथी चिकटून येते. ती कच्ची रोज पोटात गेली की कुत्र्याच्या रक्तातलं थायरॉइड संप्रेरक वाढतं, वजन उतरतं, धाप लागते, कुत्रं अस्वस्थ होतं. परदेशात अशा कुत्र्यांची नोंद झालेली आहे. पाकिटावर ‘ट्रॅकिया’ किंवा ‘गलेट’ असेल तर ग्रंथी काढली का हे विचारा. समाधानकारक उत्तर आलं नाही तर ते पाकीट घेऊ नका.

‘मटण’ म्हणून विकलेल्या खिम्यात कोंबडी निघणं हे तर सर्रास आहे. ज्यांनी डॉक्टरांच्या सांगण्यावरून खाजेसाठी एकाच प्रथिनाचा आहार सुरू केला असेल त्यांचं यात सगळ्यात जास्त नुकसान होतं. ही चाचणी किमान आठ आठवडे काटेकोर पाळावी लागते आणि रोज थोडी कोंबडी पोटात जात असेल तर ती वाया जाते. खाज तशीच राहते आणि ‘मटणाचीही ॲलर्जी आहे’ असा चुकीचा निष्कर्ष निघतो. डीएनएवरून मांस कोणत्या प्राण्याचं हे ओळखता येतं. हैदराबादच्या राष्ट्रीय मांस संशोधन संस्थेत हे काम चालतं. पण प्रत्येक पाकिटासाठी ते कोण करणार? ॲलर्जीच्या कुत्र्याला तयार खिमा देऊच नका. खाटकाकडे समोर उभं राहून बकऱ्याचं मांस घ्या.

पाण्याची तपासणी सोपी आहे. गोठलेलं पाकीट वेष्टनासकट आणि वेष्टनाशिवाय तोला. नियमाने निव्वळ वजनात वेष्टन धरता येत नाही. मग खिमा चाळणीत ठेवून खाली भांडं लावा आणि रात्रभर फ्रीजमध्ये वितळू द्या. ५०० ग्रॅमला २५-३० ग्रॅम लालसर पाणी सुटणं स्वाभाविक. ७०-८० ग्रॅम फिकट पाणी साचलं तर ते वरून घातलेलं आहे. पाकिटाच्या एका कोपऱ्यात लाल बर्फाचा थर जमलेला असेल तर माल वाटेत वितळून पुन्हा गोठवला आहे. नाशिक, कोल्हापूरला रात्रीच्या ट्रॅव्हल्सच्या डिकीतून पाठवलेल्या थर्माकोलच्या खोक्यांत हे हमखास होतं. गोठवल्याने जंतू मरत नाहीत, फक्त थांबतात. वितळल्यावर पुन्हा वाढायला लागतात. मधोमध मऊ झालेलं पाकीट दारातूनच परत करा.

आता सगळ्यात घातक गोष्ट. कुत्र्याला जुलाब लागले, उलट्या झाल्या, अंगावर पुरळ उठलं की विक्रेता सांगतो, ‘डिटॉक्स चालू आहे. इतकी वर्षं दिलेल्या कोरड्या खाद्यातलं विष बाहेर पडतंय. तीन आठवडे थांबा, डॉक्टरकडे नेऊ नका, ते तुम्हाला पुन्हा कंपनीचं खाद्य देतील.’ असा डिटॉक्स वैद्यकात नाही. शरीरातली नकोशी द्रव्यं यकृत आणि मूत्रपिंड रोज बाहेर काढतात, त्यासाठी जुलाब व्हावे लागत नाहीत. आहार बदलल्यावर एक-दोन दिवस शी सैल होऊ शकते, तेही बदल एकदम केल्यामुळे. त्यापुढे गेलेले जुलाब, रक्त, वारंवार उलटी, पोट आखडून बसणं, खाणं सोडणं ही जंतुसंसर्गाची किंवा चरबीने सुजलेल्या स्वादुपिंडाची लक्षणं असू शकतात, आणि तेव्हा त्याच दिवशी दवाखाना गाठायचा. पिल्लू असेल तर पहिल्या काही तासांतच. तीन आठवडे थांबवण्यामागे विक्रेत्याचा हिशोब असतो: तोवर आगाऊ भरलेल्या पैशांतला बराच माल संपलेला असतो आणि आजाराचा संबंध पाकिटाशी जोडणं अवघड होतं. फिट्सची किंवा मधुमेहाची औषधं बंद करायला सांगणारेही आहेत. फिट्सचं औषध अचानक थांबवलं तर कुत्रं दगावू शकतं.

असा सल्ला देणारे स्वतःला ‘कॅनाइन न्यूट्रिशनिस्ट’ म्हणवतात. आपल्याकडे हे बिरूद कोणीही लावू शकतं. पशुवैद्यकाला मात्र राज्य पशुवैद्यक परिषदेचा नोंदणी क्रमांक असतो. तो मागा. ‘तुमच्या कुत्र्यासाठी खास’ म्हणून आलेला आहार-तक्ता दुसऱ्या कुत्र्याच्या तक्त्याशी ताडून पाहा. या प्रकरणात नाव आणि वजन सोडलं तर तक्ते एकच होते, मूत्रपिंडाच्या रुग्णासाठीही.

एफएसएसएआयचा १४ अंकी परवाना क्रमांक पाहून निर्धास्त होऊ नका. अन्न सुरक्षा आणि मानके कायदा, २००६ च्या ‘अन्न’ या व्याख्येतून पशुखाद्य वगळलेलं आहे, त्यामुळे तो परवाना माणसांच्या अन्नाच्या व्यवसायाचा असतो, कुत्र्याच्या खिम्याची हमी देत नाही. तरी फॉस्कॉस या संकेतस्थळावर क्रमांक टाकून नाव-पत्ता जुळतो का ते बघाच. आमच्या हातातल्या पाकिटांवरचा क्रमांक भलत्याच दुकानाचा निघाला. आणि मांस येतं कुठून हे तर विचाराच. डिसेंबर २०२४ मध्ये नागपूरच्या गोरेवाडा केंद्रात तीन वाघ आणि एक बिबट्या मेले आणि त्यांच्या नमुन्यांत बर्ड फ्लूचा एच५एन१ विषाणू सापडला. हा विषाणू आजारी कोंबडीच्या कच्च्या मांसातूनही येऊ शकतो, आणि मेलेल्या कोंबड्या स्वस्तात उचलणारे लोक आहेत. रक्त न काढलेल्या अशा कोंबडीचं मांस काळपट-निळसर दिसतं आणि शिरांत रक्त साकळलेलं असतं. खिम्यात तेही लपतं. घरात मांजर असेल तर जास्तच सावध राहा, मांजरांना हा विषाणू फार लवकर मारतो.

पैशांचं सांगायचं तर आठवड्याच्या वर आगाऊ रक्कम देऊ नका, कितीही सवलत असो. पहिलं नमुन्याचं पाकीट नेहमीच चांगलं असतं. तपासायचं ते चौथं-पाचवं. पैसे वैयक्तिक यूपीआयवर मागितले आणि बिल दिलं नाही तर व्यवहार तिथेच थांबवा. पाकिटावर उत्पादकाचं नाव-पत्ता, निव्वळ वजन, तयार केल्याचा महिना-वर्ष आणि कमाल किंमत नसेल तर वैध मापन शास्त्र विभागाकडे तक्रार करता येते. माल न देता फोन बंद झाला तर सायबर फसवणुकीच्या १९३० या हेल्पलाइनवर लगेच कळवा, उशीर केला की पैसे खात्यातून पुढे सरकतात. ग्राहक हेल्पलाइन १९१५. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार तुम्ही राहता त्याच जिल्ह्याच्या आयोगात दोन वर्षांच्या आत तक्रार करता येते आणि दिलेली रक्कम ५ लाखांपर्यंत असेल तर शुल्क लागत नाही.

पुरावा म्हणून न फोडलेली दोन-तीन पाकिटं वेष्टनासकट फ्रीजरमध्ये, आपल्या खाण्याच्या वस्तूंपासून वेगळी ठेवा. वजनकाट्यावर ठेवून, लेबल दिसेल असे फोटो काढा. ‘डिटॉक्स’चे संदेश पुसू नका. डॉक्टरांना केसपेपरवर आहाराचं नाव आणि बॅच लिहायला सांगा. बाकीची पाकिटं रस्त्यावरच्या कुत्र्यांना घालू नका, बांधून कचऱ्यात द्या.