न बघता किराणा : नऊ महिन्यांच्या वापरानंतर

अँड्रॉइड फोन आणि त्यातलं पडदा वाचून दाखवणारं टॉकबॅक, किराणा घरपोच देणारं एक ॲप, बारकोड वाचायला सीइंग एआय हे ॲप, नोटा ओळखायला रिझर्व्ह बँकेचं 'मणी' ॲप. एवढ्यावर पूर्ण अंध माणसाचा महिन्याचा किराणा भरतो का? भरतो. मात्र ऑर्डर देताना जेवढं अडेल असं वाटतं तेवढं अडत नाही. खरी खोळंबा करणारी गोष्ट म्हणजे दारात आलेली पिशवी.

आधी ॲप. पहिल्या पानावर फिरू नये; जाहिरातींची पट्टी आपोआप सरकते आणि टॉकबॅकचा फोकस, म्हणजे वाचनाची जागा, पळवते. थेट शोधात नाव, ब्रँड आणि वजन एकदम टाकावं. वस्तूच्या किमतीनंतर नुसतं 'अनलेबल्ड बटन' ऐकू आलं तर ते बहुधा कार्टमध्ये टाकण्याचं असतं. तीन बोटांनी एकदा टॅप केलं की टॉकबॅकचा मेनू उघडतो. त्यात लेबल जोडण्याची सोय दिसली तर बटनाला नाव देऊन टाकावं. सगळ्याच बटनांना ती मिळत नाही. बटन दाबायला टॉकबॅकमध्ये दोनदा टॅप करावं लागतं; तसं केल्यावर संख्या वाढली की नाही हे पुष्कळदा बोललं जात नाही. शंका येऊन पुन्हा पुन्हा तसंच केलं की एका पुड्याच्या जागी तीन येतात. म्हणून पैसे भरण्याआधी कार्ट पहिल्या ओळीपासून ऐकायचीच. नकाशावरची पिन सरकवायच्या भानगडीत पडू नये. घरात उभं राहून सध्याचं ठिकाण निवडावं आणि खुणेच्या रकान्यात 'ग्राहक अंध आहे, पिशवी हातात द्या' असं लिहावं.

आता पिशवी. सीइंग एआयचा बारकोड विभाग कोड जवळ आला की बीप जलद करतो. पुड्याच्या मागे मधोमध उभी शिवण लागते. कोड सहसा तिच्या एका बाजूला, खालच्या अंगाला सापडतो. बाटली मात्र सावकाश गोल फिरवावी लागते. मोठ्या कंपन्यांच्या मालाचं नाव लगेच कळतं, गावठी पापड-मसाल्यांचं बहुतेक वेळा नाही. कोड असतो, पण ॲपच्या यादीत तो माल नसतो.

आणि तारीख? ती बारकोडमध्ये नसतेच. पुड्यावरचा ८९० ने सुरू होणारा आकडा फक्त 'ही कोणती वस्तू' एवढं सांगतो. त्या वस्तूच्या प्रत्येक पुड्यावर तोच असतो. तारीख पॅकिंगच्या वेळी वेगळी, ठिपक्याठिपक्यांच्या शाईने, चकचकीत प्लास्टिकवर आणि बऱ्याचदा नेमकी दुमडलेल्या शिवणीवर मारतात. त्यात 'पॅकिंगपासून ६ महिने' असं एका ठिकाणी आणि पॅकिंगचा महिना दुसऱ्या ठिकाणी. कॅमेऱ्यातून अक्षरं वाचून घेताना चूक होते ती इथेच: ३ चा ८ होतो, ८ चा ०. उपाय असा: पुडा गडद सुती कापडावर ताणून सपाट धरावा, फ्लॅश बंद, फोन साधारण वीतभर वर आणि किंचित तिरका, म्हणजे चकाकी हटते. दोन वेळा वाचून आकडे जुळले तरच विश्वास ठेवावा. तारखेसाठी एआयने केलेलं वर्णन नको. चुकलं तरी ठामपणे बोलतं. बी माय आइज या ॲपवर व्हिडिओ कॉलने पाहून सांगणारा डोळस स्वयंसेवक जास्त भरवशाचा.

दुधाच्या पिशव्या हाताने ओळखता येत नाहीत. फुल क्रीम आणि टोन्ड यांच्यातला फरक रंगाचा, हाताला दोन्ही सारख्याच. एका वेळी एकच प्रकार मागवावा.

सुटा भाजीपाला ॲपवर मागवणं आमच्या मते पैसे वाया घालवणं आहे. गाडीवर हात लावता येतो: भेंडीचं टोक कटकन मोडतं, वांग्याचं कीडभोक बोटाला लागतं, जून दुधीत नख रुतत नाही. फक्त बटाटा दगा देतो. कोंब कळतात, पण हिरवट पडलेला भाग हाताला कळत नाही आणि तो खाऊ नये. तेवढं 'दादा, हिरवे काढून द्या' असं सांगावं लागतं.

पैशांचं म्हणाल तर यूपीआय बरं. क्यूआर शोधत कॅमेरा फिरवण्यापेक्षा दुकानदाराचा नंबर टाकावा, नाव ऐकून खात्री करावी आणि पिन टाकताना इअरफोन लावावा. रोख द्यायची तर १०० ची नोट १४२ मिमी, २०० ची १४६ आणि ५०० ची १५०. रुंदी तिन्हींची ६६. चार मिलिमीटरचा फरक बोटांवर सोपवू नका. कडेच्या उठावदार तिरप्या रेघा कोऱ्या नोटेवर लागतात, मळक्या नोटेवर झिजलेल्या असतात. 'मणी' इंटरनेटशिवाय चालतं, मात्र नोट खरी की खोटी हे सांगत नाही.

शेवटी जमलेली वाटणी अशी: साबण, तेल, चहा, बिस्किटं ॲपवरून, तारखेचा माल, म्हणजे ब्रेड, पनीर, दही, कोपऱ्यावरच्या वाण्याकडून फोनवर. 'काका, तारीख वाचून सांगा, चार दिवसांपेक्षा कमी असेल तर नका टाकू' हे वाक्य फोन ठेवण्याआधी दर वेळी म्हणावं लागतं.