गुगल स्कॉलर की स्कोपस : खाडीकाठच्या अभ्यासकासाठी एक तुलना

बाजारात शिंपल्यांना आपण सरसकट तिसऱ्या म्हणतो, पण त्या एका नावाखाली एकाहून अधिक जाती टोपलीत येतात. त्यांतील ज्या जातीवर मी काम करतो, तिचे नाव जुन्या शोधनिबंधांत पाफिया मलबारिका असे आहे आणि नव्या वर्गीकरणानुसार ते प्रोटापिस गॅलस असे झाले आहे. काही लेखक नवे नाव लिहितात, काही जुनेच चालवतात, तर काही जण शीर्षकात नुसते ‘शॉर्ट नेक क्लॅम’ म्हणून मोकळे होतात. कालवांचीही तीच गत आहे. क्रॅसोस्ट्रिया या वंशातील आशियाई जाती २०१७ मध्ये मॅगालाना या नव्या वंशात हलवण्यात आल्या, आणि तेव्हापासून कालवांवरचे लेखन दोन कप्प्यांत विभागले गेले आहे. सुरुवातीलाच ही नावे सांगण्याचे कारण असे, की शोधनिबंध व त्यांचे संदर्भ शोधण्याच्या साधनांपैकी गुगल स्कॉलर वापरावे की स्कोपस, हा प्रश्न माझ्यापुरता या नावांनीच सोडवला.

ही तुलना रत्नागिरी, दापोली किंवा सिंधुदुर्गातील ज्यांनी नुकतीच पीएचडीसाठी नोंदणी केली आहे आणि ज्यांच्या संस्थेत निवडीला थोडाफार वाव आहे, अशांसाठी आहे. सायटेशन म्हणजे काय, किंवा ‘साइटेड बाय’ या दुव्यावर टिचकी मारल्यावर काय दिसते, हे त्यांना ठाऊक असणार असे मी धरून चालतो. वेब ऑफ सायन्स या आणखी एका अशाच संग्रहाचा उल्लेख केवळ आदरापोटी करतो. या साऱ्या वंशवेलीचे मूळ तिथे आहे. यूजीन गारफिल्ड यांनी १९५५ मध्ये मांडलेली, कोणी कोणाला उद्धृत केले याची सूची करण्याची कल्पना १९६४ मध्ये सायन्स सायटेशन इंडेक्सच्या रूपाने छापील स्वरूपात आली, आणि आजचे वेब ऑफ सायन्स हे तिचेच पुढचे रूप आहे. त्यातील संदर्भांचा स्वतंत्र शोध घेण्याची सोय फारच उत्तम आहे, कारण मूळ निबंध त्या संग्रहात नसला तरी त्याला कोणी कोणी उद्धृत केले, हे त्या सोयीने शोधता येते. परंतु माझ्या संस्थेकडे त्याची वर्गणी नाही, कोकणातील बहुतेक महाविद्यालयांची स्थिती वेगळी नसावी, आणि जे हाताशी नाही त्यावर अधिक लिहिण्यात अर्थ नाही.

स्कॉलर आणि स्कोपस ही दोन्ही साधने २००४ मधली, म्हणजे वयाने बरोबरीची, पण घडण अगदी वेगळी. स्कॉलर हे अनुराग आचार्य आणि अॅलेक्स वेर्स्टाक या गुगलमधील दोन अभियंत्यांनी उभे केले. त्याच्या मागे निवड समिती नाही. जे जाळ्यात आले ते यंत्र वाचते आणि विद्वत्तापूर्ण वाटले तर ठेवते. स्कोपस हा एल्सेव्हिअर या प्रकाशन संस्थेचा संग्रह आहे, आणि त्यात कोणते नियतकालिक घ्यावे हे एक सल्लागार मंडळ ठरवते. हा फरक वाचताना कोरडा वाटतो, पण खाडीवर काम करणाऱ्याला तो दोन्ही बाजूंनी बोचतो.

आधी स्कॉलरच्या बाजूने बोलतो, कारण न्यायाने ती बाजू मोठी आहे. स्कॉलर निबंधाचा पूर्ण मजकूर वाचते, स्कोपस मात्र शीर्षक, सारांश आणि कळीचे शब्द यांच्यातच पाहते. आपल्याकडच्या लेखनात याचे महत्त्व फार आहे. पश्चिम किनाऱ्यावरील शिंपल्यांचा निबंध असेल, तर सारांशात ‘महाराष्ट्राचा किनारा’ एवढेच येते. काळबादेवी, भाट्ये, पूर्णगड, आचरा ही नावे आत, नमुने कुठून घेतले त्या परिच्छेदात दडलेली असतात. काळबादेवीचे नाव घालून स्कोपसमध्ये शोधले तर हाती फारसे काही लागत नाही, आणि तेच नाव स्कॉलरमध्ये घातले की प्रबंध, अहवाल, परिसंवादांतील निबंध असे बरेच काही वर येते. रत्नागिरी परिसरातील खाड्यांवर जे जुने काम आहे, ते मोठ्या अंशी अशाच ठिकाणी आहे, आणि ज्याने ते वाचले नाही त्याने आपला प्रबंध सुरूच करू नये, असे माझे मत आहे. शिवाय स्कॉलर फुकट आहे. जयगड-तवसाळ फेरीबोटीने रोज खाडी ओलांडणाऱ्या माझ्यासारख्याला ही सोय लहान वाटत नाही, कारण स्कोपसची वर्गणी संस्थेची असते आणि घरून ते उघडायचे म्हणजे दूरस्थ प्रवेशाची खटपट आली. पावसाळ्यात वीज आणि नेट दोन्ही एका वेळी हजर असतील, तरच ती तडीला जाते.

उद्धरणे, म्हणजे एका निबंधाने दुसऱ्याचे दिलेले संदर्भ (सायटेशने), गोळा करण्यातही स्कॉलरचा हात धरणारे कोणी नाही. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या तुलनेत २५२ विषयवर्गांतील सायटेशनांपैकी ९३ ते ९६ टक्के स्कॉलरला सापडली, आणि स्कोपस त्याच्या बरेच मागे राहिले. तेव्हा ज्यांना एकही धागा सुटू द्यायचा नाही, त्यांच्यासाठी निकाल इथेच लागला असे कोणी म्हटले, तर मी फार जोराने वाद घालणार नाही.

माझी अडचण वेगळ्या ठिकाणी झाली, आणि तीत माझा स्वतःचा निष्काळजीपणाही होता, हे आधीच कबूल करतो. संदर्भ आढाव्याचे प्रकरण लिहिताना मी एक शोधवाक्य तयार केले. त्यात तिसऱ्यांची दोन्ही शास्त्रीय नावे, इंग्रजी सर्वसाधारण नाव, कालवांचे जुने व नवे वंश, आणि दाभोळपासून तेरेखोलपर्यंतच्या खाड्यांची नावे, त्यांच्या इंग्रजांच्या काळातील वर्णलेखनासह, ‘किंवा’ने जोडलेली होती. वाक्य साहजिकच लांबले. स्कॉलरच्या शोधचौकटीत २५६ अक्षरांच्या पलीकडचा मजकूर चालत नाही. म्हणून मी त्या वाक्याचे सात तुकडे केले, आणि प्रत्येक तुकड्याचा निकाल वेगळा पाहू लागलो. एकच निबंध तीन तुकड्यांत तीनदा भेटे. प्रत्येक पानावर निकालांचा आकडा ‘सुमारे’ असा दिलेला असे, आणि आकडा कितीही मोठा असला तरी पहिल्या एक हजारांपलीकडे जाता येत नाही. मी वहीत टिपणे करत गेलो. त्या वेळी ते पुरेसे वाटले.

दोन महिन्यांनी माझ्या मार्गदर्शक मॅडमनी प्रकरण वाचले आणि समासात एकच प्रश्न लिहिला : किती पाहिले, किती वगळले, कशासाठी? पद्धतशीर आढाव्यासाठी आता प्रिझ्मा या अहवालपद्धतीचा २०२० मधील आराखडा सर्वत्र मागितला जातो, आणि त्यातील पहिल्याच चौकटीत किती नोंदी सापडल्या हे लिहायचे असते. माझ्याकडे सात ‘सुमारे’ होते. ते मिळवता येत नव्हते, कारण त्यांत पुनरावृत्ती किती होती हे मला सांगता येत नव्हते. सातही तुकडे पुन्हा चालवून पाहिले, तर आकडे हलले होते आणि क्रमही बदलला होता. नवे काय आले आणि जुने काय खाली सरकले, हे ओळखायला माझ्या वहीशिवाय दुसरा आधार नव्हता. तो आठवडा मी मोजदादीत घालवला आणि शेवटी जो आकडा लिहिला, त्यावर माझा स्वतःचाच विश्वास बसला नाही.

स्कोपसमध्ये तेच शोधवाक्य अख्खेच्या अख्खे बसले. नावांचा एक संच, खाड्यांचा दुसरा, असे दोन शोध वेगळे चालवून ते क्रमांकाने एकमेकांशी जोडता आले. आकडा नेमका होता, यादी एका फाइलमध्ये उतरवून घेता आली, आणि शोध जतन केल्यामुळे नवा निबंध आला की ईमेल येऊ लागली. यादी स्कॉलरच्या मानाने बरीच छोटी होती, हेही सांगितले पाहिजे. पण ती यादी होती. पुढच्या वर्षी कोणी विचारले तर तेच वाक्य तारखेच्या मर्यादेसह पुन्हा चालवून मी उत्तर देऊ शकतो, आणि परीक्षकही ते स्वतः चालवून पाहू शकतो. स्कॉलरमधील निकालांची एकगठ्ठा उतरवणी होत नाही, ही गोष्ट लहान वाटते. ज्याने दोनशे नोंदी हाताने उतरवल्या आहेत त्यालाच तिचे वजन कळते.

मूल्यमापनाच्या बाबतीतही माझा कल हळूहळू त्याच बाजूला झुकला, जरी इथे मी अधिक सावध आहे. आमच्या विषयात माणसे मोजकी आहेत आणि ती एकमेकांना, तसेच स्वतःला, भरपूर उद्धृत करतात. स्कोपसमध्ये लेखकाची स्वतःची सायटेशने वगळून आकडा पाहता येतो. एखाद्या भारदस्त दिसणाऱ्या निबंधाची पुण्याई त्या एका टिचकीने निम्म्यावर आलेली मी पाहिली आहे. उद्धृत करणाऱ्या निबंधांची यादी त्यांच्या स्वतःच्या सायटेशनांच्या क्रमाने लावता येते, त्यामुळे मूळ कामावर पुढे खरे बांधकाम कोणी केले, हे लवकर दिसते. स्कॉलरमध्ये असा क्रम लावता येत नाही. उलट स्कॉलरच्या आकड्यात पदव्युत्तर प्रबंध आणि संस्थांचे अहवालही मिसळलेले असतात. आपल्या खाड्यांच्या बाबतीत प्रबंधातील उल्लेख अनेकदा अधिक मोलाचा असतो, म्हणून मी त्याला दोष म्हणत नाही. फक्त त्या आकड्याची दुसऱ्या आकड्याशी तुलना करू नये.

नावांचा घोळ दोन्हीकडे आहे. आपले नाव, वडिलांचे नाव, आडनाव ही आपली पद्धत या संग्रहांना नीटशी उमगलेली नाही. एकच व्यक्ती कधी दोन आद्याक्षरांनी, कधी एका आद्याक्षराने, तर कधी वडिलांचे नाव आडनाव समजून नोंदली जाते, आणि लग्नानंतर आडनाव बदललेल्या संशोधिकांचे काम तर सरळ दोन व्यक्तींत वाटले जाते. स्कोपसमध्ये अशा नोंदी एकत्र करण्याची विनंती करता येते. स्कॉलरमध्ये लेखकाने स्वतः प्रोफाइल उघडले असेल तरच काही सोय. ज्येष्ठ, निवृत्त प्राध्यापकांपैकी ते किती जणांनी उघडले असेल, याचा अंदाज आपण बांधू शकतो.

स्कोपसमध्ये आहे म्हणजे नियतकालिक चांगले, असे मात्र कोणी समजू नये. नावाजलेल्या नियतकालिकांची हुबेहूब नक्कल करून चालवलेल्या संकेतस्थळांतील मजकूर तिथेही शिरल्याची प्रकरणे उघड झाली आहेत, आणि घेतलेली नियतकालिके पुढे वगळलीही जातात. फेब्रुवारी २०२५ मध्ये विद्यापीठ अनुदान आयोगाने आपली मान्य नियतकालिकांची ‘केअर’ यादी बंद केल्यापासून तर ‘यादीत आहे का’ या प्रश्नामागे लपण्याचीही सोय राहिलेली नाही. वगळलेल्या नियतकालिकांची यादी स्कोपस स्वतः प्रसिद्ध करते, आणि मागे घेतलेल्या निबंधांची रिट्रॅक्शन वॉच या गटाने जमवलेली माहिती २०२३ पासून क्रॉसरेफ या निबंध-नोंदणी संस्थेकडे सर्वांना खुली आहे. संदर्भसूची पक्की करण्यापूर्वी या दोन्हींवरून नजर फिरवायला तासभर पुरतो.

स्कोपसकडे झुकताना मी काय गमावले, तेही नोंदवतो. १९९६ पूर्वीच्या निबंधांच्या संदर्भसूच्या तिथे मुळात नव्हत्या. त्या नंतर १९७० पर्यंत मागे जाऊन भरण्यात आल्या, तरी जुन्या भारतीय नियतकालिकांच्या बाबतीत पोकळी जाणवते. मराठीतील लेखन तर जवळजवळ नाहीच, कारण इंग्रजी सारांश आणि रोमन लिपीतील संदर्भ ही तिथली प्रवेशाची अट आहे. कातळशिल्पांवर किंवा कोकणच्या इतिहासावर काम करणाऱ्याला माझा कौल बहुधा निरुपयोगी ठरेल. त्याने स्कॉलर आणि शोधगंगा हा भारतीय प्रबंधांचा संग्रह यांच्यावरच विसंबावे हे बरे.

संस्थेकडे वर्गणीच नसेल, तर ओपनअॅलेक्स पाहावे. मायक्रोसॉफ्टने आपला विद्वत्ग्रंथांचा संग्रह बंद केल्यावर जानेवारी २०२२ मध्ये ते सुरू झाले. ते सर्वांना खुले आहे, त्यात नेमका आकडा मिळतो आणि यादी उतरवून घेता येते, म्हणजे माझ्या मूळ तक्रारीचे उत्तर तिथे फुकट आहे. मी ते अजून पूरक म्हणूनच वापरतो, कारण काही नोंदींत लेखक आणि संस्था यांची सांगड चुकलेली मला आढळली. एक जानेवारी २०२५ पासून चालू झालेल्या ‘एक राष्ट्र, एक वर्गणी’ या योजनेशी याची गल्लत करू नये. ती सुमारे तेरा हजार नियतकालिके वाचण्याची सोय आहे, शोधण्याची नव्हे, आणि सापडलेला निबंध उघडताना ती फार उपयोगी पडते.

सध्या माझा क्रम असा आहे. मुख्य शोध स्कोपसमध्ये, जतन केलेल्या वाक्याने, दर तीन महिन्यांनी. त्यानंतर स्कॉलरमध्ये एकेका खाडीचे नाव स्वतंत्रपणे, छोट्या वाक्यात, म्हणजे २५६ अक्षरांचा प्रश्नच येत नाही. तिथे जे अधिक सापडते ते ‘इतर मार्गांनी मिळालेले’ या प्रिझ्माच्या वेगळ्या चौकटीत, तारखेसह लिहितो. मॅडमनी दुसऱ्या मसुद्यावर समासात काही लिहिले नाही.