हडसनचं पाणी: वॉल की बार्टलेट?

न्यूयॉर्कच्या हडसन नदीचं एखादं जुनं मुद्राचित्र (छापलेलं चित्र) भिंतीवर लावायचं म्हटलं की शोध बहुधा दोन नावांपाशी येऊन थांबतो. एक, चित्रकार विल्यम गाय वॉलच्या जलरंगांवरून मुख्यतः कोरणाऱ्या जॉन हिलने घडवलेला ‘हडसन रिव्हर पोर्टफोलिओ’ हा चित्रसंच, १८२१ ते १८२५च्या सुमाराचा. दुसरं, विल्यम बार्टलेटच्या चित्रांचं ‘अमेरिकन सीनरी’ हे पुस्तक, १८४०चं. माझ्याकडे आधी बार्टलेट होता, आता वॉल आहे.

बार्टलेटची बाजू कमकुवत नाही. उंचावर उभं राहून नदीचं वळण पकडण्याची त्याची नजर विलक्षण होती. चित्रं पोलादी पत्र्यावर कोरलेली; पोलाद लवकर झिजत नाही, म्हणून प्रती भरपूर निघाल्या आणि आजही पुस्तकातलं सुटं पान खिशाला झेपतं. आकार लहान, कुठेही मावतं.

माझं बिनसलं ते रंगावरून. ही चित्रं मुळात काळ्या शाईत छापलेली. आज रंगीत दिसतात त्यातली बरीचशी नंतर कुणीतरी रंगवलेली. मला एका विक्रेत्याने ‘त्या काळचाच रंग’ म्हणून दिलं. घरी आणून उन्हात धरलं, तर कागद पिवळा पडलेला आणि निळा रंग मात्र काल-परवाचा. तेही एक वेळ चाललं असतं. पण कोरणाऱ्याने पाण्यावरची चमक दाखवायला कागद जिथे कोरा सोडला होता, नेमका तिथेच तो निळा फासलेला. नदीतला उजेडच गेला. रोज नजर तिथेच जायची आणि रोज चुटपुट लागायची. शेवटी उतरवलं.

वॉलच्या चित्रांत रंग हा मूळ बेताचाच भाग आहे. ती छापली आहेत अ‍ॅक्वाटिंट या रीतीने. अ‍ॅक्वाटिंटमध्ये तांब्याच्या पत्र्यावर राळेचे बारीक कण वितळवून चिकटवतात. आम्ल त्या कणांमधल्या जागा खातं आणि छापताना रेघांऐवजी सलग छटा उमटते. त्यावर हाताने पातळ जलरंग. धुकं, ओला खडक, संथ पाणी यांना ही रीत फार मानवते, निदान माझ्या डोळ्यांना. न्यूयॉर्कच्या ग्रँड सेंट्रल स्टेशनहून उत्तरेला जाताना गाडीच्या डाव्या खिडकीतून सकाळी जी नदी दिसते, ती मला वॉलमध्ये भेटते. शिवाय त्याची वीस चित्रं वरच्या अंगाच्या लुझर्नच्या धबधब्यापासून न्यूयॉर्क बंदरातल्या गव्हर्नर्स आयलंडपर्यंत नदीबरोबर उतरत येतात.

अडचण किमतीची. तांबं लवकर झिजतं, चांगल्या प्रती मोजक्या, त्यामुळे भाव चढे. माझ्या प्रतीचा समास कापलेला आहे, म्हणूनच ती मला परवडली. फ्रेममध्ये ते कळतही नाही.

घाई नसेल तर आधी मेट्रोपॉलिटन म्युझियम किंवा न्यूयॉर्क पब्लिक लायब्ररीच्या संकेतस्थळावर पोर्टफोलिओ निवांत पाहून घ्या. आणि इतकं करूनही बार्टलेटच घ्यायचा ठरला, तर बिनरंगाचाच मागा.